हिंगण्यातला टेल लॅम्प आणि जिनिव्हाची नोंद: वाहनभागांची टाइप अप्रूव्हल व सामायिक डेटाबेस यांविषयी लघुउद्योजकांसाठी मार्गदर्शक

नागपूरच्या हिंगणा आणि बुटीबोरी औद्योगिक वसाहतींत ट्रॅक्टर, ट्रेलर व मालवाहू गाड्यांसाठी दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, कपलिंग असे सुटे भाग बनवणारे बरेच लहान कारखाने आहेत. त्यांपैकी एखाद्याला परदेशातून पहिली चौकशी येते, तेव्हा पत्रात बहुधा एकच ओळ असते: ‘माल ई-मार्कचा हवा.’ त्यावर मालक साचेवाल्याला फोन करून ‘साच्यात ई-मार्क कोरून द्या’ असे सांगतो आणि इथेच पहिली चूक होते. वर्तुळातला ‘ई’ हा केवळ दावा असतो. त्यामागची मान्यता एखाद्या देशाच्या प्राधिकरणाच्या दफ्तरात असते, आणि आता ती बऱ्याच अंशी सर्व सदस्य देशांना पाहता येईल अशा सामायिक डेटाबेसमध्येही असते. ती नोंद मिळवायची कशी, वाचायची कशी आणि मिळाल्यानंतर खरी कशी ठेवायची, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. सोयीसाठी संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेतले आहे: ट्रेलरला मागे लागणारा संयुक्त टेल लॅम्प, ज्यात पार्किंगचा लाल दिवा, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि त्रिकोणी रिफ्लेक्टर एकत्र असतात.

आधी व्यवस्था समजून घ्या

२० मार्च १९५८ रोजी जिनिव्हा येथे झालेला करार हा या व्यवस्थेचा पाया आहे. वाहने, त्यांची उपकरणे व सुटे भाग यांच्यासाठी समान तांत्रिक नियम ठरवायचे आणि एका सदस्य देशाने त्या नियमानुसार दिलेली मान्यता, तोच नियम लागू करणाऱ्या दुसऱ्या सदस्य देशाने पुन्हा चाचणी न घेता स्वीकारायची, हे त्याचे सार आहे. नियम तयार करण्याचे व सुधारण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखालील जागतिक मंच करतो, ज्याला या क्षेत्रातले लोक ‘डब्ल्यूपी-२९’ म्हणून ओळखतात. नावात युरोप असला तरी जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, मलेशिया, थायलंड असे देशही या कराराचे सदस्य आहेत.

भारत या १९५८ च्या कराराचा सदस्य नाही. २००६ मध्ये भारत सामील झाला तो १९९८ च्या दुसऱ्या करारात, ज्याला ‘जागतिक करार’ म्हणतात आणि ज्यात अमेरिका व चीनही आहेत. त्या करारातून समान तांत्रिक नियम तयार होतात, परंतु एकमेकांच्या मान्यता स्वीकारण्याची तरतूद त्यात नाही. त्यामुळे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मिळालेले आपले भारतीय प्रमाणपत्र कितीही अस्सल असले तरी ते रॉटरडॅमच्या बंदरात ई-मार्कची जागा घेऊ शकत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: ई-मार्क असलेला दिवा भारतातल्या नव्या गाडीवर लावायचा असेल तर एआयएस, म्हणजे वाहन-उद्योगासाठीच्या भारतीय मानकांनुसारची मान्यता चुकत नाही. भारतीय एआयएस मानके बऱ्याच ठिकाणी संयुक्त राष्ट्रांच्या नियमांशी जुळवून लिहिलेली असल्यामुळे एका बाजूची तयारी दुसऱ्या बाजूला उपयोगी पडते, एवढाच काय तो दिलासा.

पूर्वी सदस्य देश एकमेकांना कागद पाठवत असत. नाकारलेल्या आणि मागे घेतलेल्या मान्यतांची यादी दर महिन्याला इतर सर्व प्राधिकरणांना कळवायची आणि कोणी मागितल्यास संपूर्ण फाइलची प्रत पाठवायची, अशी पद्धत होती. नियमांची संख्या दीडशेच्या पुढे आणि सदस्य देशांची संख्या पन्नासच्या पुढे गेल्यावर हा व्यवहार कपाटांच्या कह्यात गेला, यात नवल नाही. यातून टाइप अप्रूव्हलच्या, म्हणजे वस्तूच्या प्ररूपाला मिळणाऱ्या मान्यतेच्या, दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी सुरक्षित सामायिक डेटाबेस उभा राहिला. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव उच्चारताना आपल्या रोजच्या ‘डेटा’सारखेच ऐकू येते, आणि बैठकीत त्यावरून घोळ होतो. म्हणून या लेखात ते ‘डीईटीए’ असे लिहिले आहे. त्याची उभारणी आणि सुरुवातीची तांत्रिक सांभाळणी जर्मनीच्या केबीए या फ्लेन्सबुर्ग येथील संघीय मोटार वाहतूक कार्यालयाने केली. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आलेल्या कराराच्या तिसऱ्या आवृत्तीच्या पाचव्या अनुसूचीने या डेटाबेसला अधिकृत स्थान दिले.

पहिली पायरी: आपल्या मालाला कोणता नियम लागतो ते ठरवा

‘ई-मार्क’ नावाचे एकच एक प्रमाणपत्र नसते. मान्यता नेहमी विशिष्ट नियमाखाली मिळते. आपल्या टेल लॅम्पमधले लाल दिवा, ब्रेक लाइट व इंडिकेटर हे संकेत देणारे दिवे असल्याने ते नियम क्रमांक १४८ मध्ये येतात, आणि रिफ्लेक्टर स्वतः प्रकाश देत नसून परावर्तित करत असल्याने तो नियम क्रमांक १५० मध्ये येतो. हेडलॅम्प असता तर १४९ लागला असता. हे तीनही नियम १५ नोव्हेंबर २०१९ पासून अमलात असून दिव्यांसाठीचे जुने सुटे सुटे नियम त्यांत एकत्र केले आहेत. आरशांना ४६, वाहनाच्या काचांना ४३, कपलिंगला ५५, ट्रकच्या टायरांना ५४, मागून गाडी खाली घुसू नये म्हणून लावलेल्या संरक्षक पट्टीला ५८ आणि बदली ब्रेक लायनिंगला ९० हे क्रमांक नागपुरातल्या कारखानदारांच्या वारंवार कामी येतील.

ग्राहक जुन्या नियमाचा क्रमांक सांगत असेल, उदाहरणार्थ ब्रेक लाइटसाठी ७ किंवा रिफ्लेक्टरसाठी ३, तर वाद न घालता त्याला लेखी विचारावे की त्याला जुन्या मान्यतेचा माल चालतो की नव्या नियमाखालची मान्यता हवी आहे. नवी मान्यता घ्यायचीच असेल तर ती नव्या नियमाखाली घेण्यात शहाणपण आहे.

ग्राहक अमेरिकेतला असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवावा. तिथे सरकारी टाइप अप्रूव्हल नसते. उत्पादक स्वतःच नियमपालन जाहीर करतो, आणि डीईटीएचा त्याच्याशी संबंध येत नाही.

दुसरी पायरी: प्राधिकरण आणि तांत्रिक सेवा निवडा

वर्तुळातल्या ‘ई’पुढचा आकडा मान्यता देणारा देश सांगतो. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ९ स्पेन, ११ ब्रिटन, १३ लक्झेंबर्ग, ४३ जपान. हे आकडे देश करारात सामील होण्याच्या क्रमाने दिलेले आहेत, त्यामुळे लहान आकडा म्हणजे चांगली मान्यता असे समजणाऱ्या व्यापाऱ्याच्या नादी लागू नये. माल ज्या देशात विकायचा तिथूनच मान्यता घेण्याचेही बंधन नाही. नेदरलँड्सची मान्यता स्पेनमध्ये चालते, मात्र दोन्ही देश तो नियम लागू करत असले पाहिजेत.

एका प्ररूपासाठी (मुख्य बाबींत समान असलेल्या वस्तूंच्या गटासाठी) एकाच देशाकडे अर्ज करता येतो. एका प्राधिकरणाने त्रुटी काढली म्हणून तोच दिवा घेऊन दुसऱ्याकडे गुपचूप अर्ज करणे नियमबाह्य आहे, आणि सामायिक नोंदीच्या काळात ते लपतही नाही.

प्राधिकरण सहसा स्वतः दिवा तपासत नाही. त्याने नेमलेली तांत्रिक सेवा चाचण्या घेते. नागपूरच्या कारखान्याला त्यासाठी युरोपातच जावे लागते असे नाही: पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा भारतीय वाहन-चाचणी संस्थांकडे आधी चौकशी करावी. विचारण्याचे प्रश्न नेमके हवेत: नियम १४८ आणि १५० साठी आपल्याकडे चाचणी होते का, कोणत्या परदेशी प्राधिकरणासाठी ती ग्राह्य धरली जाते, आणि चाचणीच्या वेळी त्या प्राधिकरणाचा माणूस उपस्थित असावा लागतो का? उत्तर ईमेलवर घ्यावे. सुमारे सातशे किलोमीटरवरच्या पुण्याला नमुने घेऊन जायचे आणि तिथे ‘हा अहवाल आमच्या प्राधिकरणाला चालत नाही’ असे ऐकायचे, हा प्रवास फार महागात पडतो. युरोपीय संघातल्या प्राधिकरणाकडे जाणार असाल तर संघाबाहेरच्या उत्पादकाला तिथला प्रतिनिधी नेमावा लागतो, हा खर्चही आधीच हिशेबात धरावा.

तिसरी पायरी: माहितीची फाइल, जिच्यावर सगळे उभे राहते

माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी वेळ हिलाच दिला जातो. कागदाच्या काळात फाइलमधली विसंगती एखाद्या कपाटात वर्षानुवर्षे झोपून राहायची. आता तीच फाइल डेटाबेसमध्ये चढते आणि दुसऱ्या देशाचा अधिकारी आपला माल हातात धरून ती उघडू शकतो.

सुरुवात नावापासून करावी. उद्यम नोंदणीत एक नाव, जीएसटीत ‘प्रायव्हेट लिमिटेड’सह दुसरे, आयात-निर्यात कोडवर तिसरे आणि साच्यावर आजोबांच्या काळातला व्यापारी शिक्का, अशी स्थिती आपल्याकडे सर्रास आढळते. अर्जात उत्पादकाचे नाव, व्यापारी नाव किंवा चिन्ह आणि उत्पादनाच्या जागेचा पत्ता स्वतंत्रपणे विचारलेला असतो, आणि मान्यतेत जे लिहिले जाईल तेच पुढे मालावर, बिलावर आणि पॅकिंगवर दिसले पाहिजे. जोडणी हिंगण्यात आणि लेन्सचे मोल्डिंग बुटीबोरीतल्या जॉबवर्कवाल्याकडे होत असेल तर तेही लपवू नये, कारण पुढे उत्पादन-तपासणीत ते येणारच.

त्यानंतर प्ररूपाची सीमा ठरवावी. ‘प्ररूप’ म्हणजे एक मॉडेल नव्हे. ज्या बाबी नियमाने महत्त्वाच्या मानल्या आहेत त्यांत समान असलेल्या वस्तूंचा तो गट असतो. प्रकाशाचा स्रोत, लेन्सची प्रकाशीय रचना, कार्ये आणि त्यांची मांडणी बदलली की प्ररूप बदलू शकते. वायरची लांबी किंवा खोक्याचा रंग बदलल्याने सहसा ते बदलत नाही. आपण पुढच्या दोन वर्षांत कोणते पर्याय विकणार आहोत, १२ व्होल्टचा आणि २४ व्होल्टचा, बल्बचा आणि एलईडीचा, हे विक्री विभागाशी बसून आधीच ठरवले तर पुढच्या निम्म्या दुरुस्त्या वाचतात.

आरेखनांत दिव्याचे संदर्भ-केंद्र, संदर्भ-अक्ष, बसवण्याची दिशा आणि मान्यता-चिन्हासाठी राखलेली जागा दाखवावी लागते. लेन्सचा कच्चा माल ‘अॅक्रिलिक’ एवढाच न लिहिता नेमकी प्रत लिहावी. प्रत्येक आरेखनावर सुधारणा-क्रमांक आणि तारीख असावी, आणि फाइलच्या पहिल्या पानावर सर्व पानांची अनुक्रमणिका असावी. एका कारखान्याच्या फाइलमध्ये लेन्सचे आरेखन मार्चचे आणि चाचणी-अहवालात उल्लेखलेले आरेखन जानेवारीचे होते. फरक फक्त स्क्रूच्या एका भोकाचा होता, तरी तो समजावून सांगण्यात दोन महिने गेले.

चौथी पायरी: चाचणी आणि कारखान्याची प्रारंभिक तपासणी

नमुने नियमित उत्पादनाच्या साच्यातले असावेत. हाताने घासून-पुसून बनवलेले ‘चाचणीचे नग’ पास होतात, मात्र तेच आकडे पुढे हजारो नगांमध्ये टिकवायचे असतात. मान्यता देण्यापूर्वी प्राधिकरण हेही पाहते की कारखान्यात दर्जा राखण्याची व्यवस्था आहे की नाही. कराराच्या पहिल्या अनुसूचीतल्या या भागाला ‘उत्पादनाची अनुरूपता’ म्हणतात. आयएसओ ९००१ प्रमाणपत्र असल्यास काम हलके होते, संपत नाही. येणारा तपासनीस बहुधा प्रमाणपत्राच्या चौकटीकडे पाहत नाही. तो मोजमापाच्या वहीकडे पाहतो.

पाचवी पायरी: मान्यता वाचायला शिका

मान्यता मिळाल्यावर हाती येते ते कळवणी-पत्र, ज्याचा नमुना प्रत्येक नियमाच्या परिशिष्टात असतो. त्यावरचा क्रमांक चार भागांचा असतो. सरावासाठी रचलेला एक नमुना असा: ई४*१४८आर००/०१*०१२३*००. पहिल्या भागातून देश कळतो, इथे नेदरलँड्स. दुसऱ्या भागात नियम १४८, सुधारणांची मालिका ०० आणि तिरप्या रेघेनंतर त्या मालिकेतली पुरवणी ०१. तिसरा भाग मान्यतेचा अनुक्रमांक, आणि शेवटचा भाग विस्ताराचा. ०० म्हणजे मूळ मान्यता, ०१ म्हणजे तिला पहिल्यांदा मिळालेली वाढ.

यातली ‘मालिका’ आणि ‘पुरवणी’ यांची गल्लत करू नये. नियमाची नवी मालिका येते तेव्हा तांत्रिक अपेक्षा बदलतात, आणि ठरावीक तारखेनंतर नव्या मान्यता त्या मालिकेखालीच स्वीकारल्या जातात. जुन्या मान्यता कुठवर चालतील हे त्या नियमातल्या संक्रमणकालीन तरतुदींत लिहिलेले असते, आणि निर्यातदाराने प्रत्येक मोठ्या ऑर्डरपूर्वी तेवढा परिच्छेद तरी वाचावा. पुरवणी सहसा खुलासा किंवा लहान भर घालते.

सहावी पायरी: डीईटीएतली नोंद आणि ‘यूआय’

मान्यतेची कागदपत्रे डेटाबेसमध्ये चढवण्याचे काम मान्यता देणारे प्राधिकरण करते, उत्पादक नव्हे. कोणाला काय पाहता येईल हे सदस्य देश ठरवतात. म्हणून नागपुरातल्या उत्पादकाने ‘मला लॉगिन मिळेल’ असे गृहीत न धरता प्राधिकरणाला किंवा तांत्रिक सेवेला अर्ज करतानाच तीन गोष्टी विचाराव्यात: माझी मान्यता डीईटीएमध्ये ठेवली जाईल का, ती ठेवल्यावर मला काय पाहता येईल, आणि मला यूआय मिळेल का?

यूआय म्हणजे एकमेव ओळख-क्रमांक. मान्यता डेटाबेसमध्ये साठवली की तो क्रमांक प्रणाली आपोआप तयार करते, आणि नियमाने वेगळे सांगितले नसेल तर नेहमीच्या मान्यता-चिन्हाऐवजी यूआयचे चिन्ह आणि तो क्रमांक एवढेच मालावर छापता येते. याचा लाभ आपल्या टेल लॅम्पवर नीट दिसतो. जुन्या पद्धतीत तळहाताएवढ्या लेन्सवर वर्तुळातला ई, मान्यता-क्रमांक, मागच्या लाल दिव्यासाठी ‘आर’, ब्रेक लाइटसाठी ‘एस’, इंडिकेटरसाठी ‘२ए’ आणि ट्रेलरच्या त्रिकोणी रिफ्लेक्टरसाठी रोमन तीन व ‘ए’ अशी अक्षरांची दाटी कोरावी लागे. एक अक्षर चुकले की साच्याचा इन्सर्ट, म्हणजे चिन्ह कोरलेला सुटा तुकडा, बदलायचा. यूआय घेतल्यावर हा तपशील नोंदीत पाहता येतो आणि साच्यावर क्रमांक राहतो.

तरीही मी प्रत्येकाला यूआयच घ्या असे सांगत नाही. ज्याला डेटाबेस उघडता येत नाही त्याच्यासाठी तो क्रमांक मुका आहे. आपला माल मोठ्या वाहन-उत्पादकाकडे जात असेल तर यूआय सोयीचा आहे. तो दुरुस्तीच्या दुकानांतून सुटा विकला जात असेल आणि दुकानदाराला बोट ठेवून ‘हा बघा ई-मार्क’ म्हणायचे असेल, तर अजून काही वर्षे जुने चिन्हच विक्रीला बरे.

सातवी पायरी: दुसऱ्याचा दावा तपासणे

नागपूरचे काही उद्योजक स्वतः दिवा न बनवता बाहेरून आणलेला माल ट्रेलरवर बसवून निर्यात करतात. त्यांनी पुरवठादाराकडून चिन्हाचा फोटो न मागता संपूर्ण कळवणी-पत्र आणि सर्व विस्तारांच्या प्रती मागाव्यात. मग मालावरचा क्रमांक व पत्रावरचा क्रमांक जुळतो का, पत्रावरचे उत्पादकाचे नाव पुरवठादाराचेच आहे का, नियम त्याच वस्तूचा आहे का आणि पत्र मान्यता दिल्याचे आहे की नाकारल्याचे अथवा मागे घेतल्याचे, हे पाहावे. शेवटचा प्रश्न विनोदी वाटेल, मात्र सगळ्या प्रकारांसाठी पत्राचा नमुना एकच असतो आणि घाईत फक्त वरचा शिक्का पाहिला जातो. शंका राहिल्यास मान्यता देणाऱ्या प्राधिकरणाला क्रमांक व प्रत जोडून लिहावे, किंवा आयातदाराला त्याच्या देशातल्या प्राधिकरणाकडे विचारायला सांगावे. त्या प्राधिकरणाला सामायिक नोंद पाहण्याचा मार्ग असतो.

हिंगण्यातल्या एका कारखान्याने परदेशी ग्राहकाने दिलेल्या नमुन्यावरून साचा काढला आणि नमुन्यावरचा ई-मार्कही जशाच्या तसा उतरवला. मालकाला त्यात गैर वाटले नव्हते. त्याच्या लेखी तो नक्षीचाच भाग होता. पहिली खेप तिकडे पोचण्यापूर्वीच ग्राहकाच्या दर्जा विभागाने क्रमांक तपासला, तो तिसऱ्याच कंपनीचा निघाला, आणि खेप पुन्हा नागपूरला आली.

मान्यता मिळाल्यानंतर

मान्यतेनंतर प्रत्येक बदलाआधी थांबायचे असते. ग्रॅन्यूलचा पुरवठादार बदलला, एलईडीची जुनी बॅच मिळेनाशी झाली, मोल्डिंग हिंगण्याहून बुटीबोरीला हलवले, कंपनीचे नाव बदलले, यांपैकी काहीही घडले तर माल बनवण्यापूर्वी प्राधिकरणाला कळवावे. ते एक तर कागदपत्रांत दुरुस्ती करते, किंवा विस्तार देते, किंवा नवी चाचणी मागते. खरेदी विभागाला हे कोणी सांगितलेले नसते, आणि स्वस्त पर्याय शोधणे हेच त्याचे काम असते. म्हणून मान्यताप्राप्त वस्तूंच्या खरेदी-यादीवर लाल शाईने ‘बदल करण्यापूर्वी विचारा’ असे लिहून ठेवावे. उपाय जुनाट आहे, पण लागू पडतो.

दुसऱ्या सदस्य देशाला बाजारात विसंगत माल आढळला तर तो मान्यता देणाऱ्या देशाला कळवतो, आणि तो देश उत्पादकाकडे येतो. त्या वेळी कोणत्या बॅचमध्ये कोणता कच्चा माल होता, कोणत्या दिवशी कोणती चाचणी झाली, हे दाखवता आले पाहिजे. नोंदी किती काळ ठेवायच्या हे प्राधिकरणाशी ठरवून घ्यावे आणि प्रत्येक बॅचचे दोन नग, शक्य असल्यास पत्र्याच्या छपराखालच्या मेमधल्या भट्टीत न ठेवता सावलीच्या खोलीत, सीलबंद ठेवावेत.

उत्पादन कायमचे बंद करताना त्याचीही सूचना प्राधिकरणाला द्यावी लागते, आणि ते इतर सदस्य देशांना कळवते. त्याच आठवड्यात साच्यातला चिन्हाचा इन्सर्ट काढून कुलपात ठेवावा, कारण साचा भंगारात किंवा दुसऱ्या मोल्डरकडे गेला तरी नोंदीतले नाव आपलेच असते.